ब्रायटनच्या कुबड्या, पोर्ट्समथची लिंबं आणि आत्याची वही

या ब्लॉगवर मी एरवी आजार, तपासण्या आणि औषधं यांबद्दल लिहिते. आज एका सहलीबद्दल लिहिणार आहे. नेहमीच्या वाचकांनी काळजी करू नये, वाटेत ब्लड प्रेशर लागणारच आहे.

2013 च्या सप्टेंबरात मी लंडनला सार्वजनिक आरोग्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला गेले. पाच वर्षं पेशंट तपासल्यावर पुन्हा बाकावर बसायचं, तेही संख्याशास्त्रासाठी, म्हणजे सुरुवातीला जिवावर आलं होतं. आमचे एक शिक्षक वर्गात कोणी काहीही सांगितलं की एकच प्रश्न विचारायचे : "कशाच्या तुलनेत?" अमुक औषधाने ताप उतरला. कशाच्या तुलनेत? अमुक गावात साथ कमी झाली. कशाच्या तुलनेत? दोन आठवड्यांत आम्ही सगळे या प्रश्नाला वैतागलो. ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला, तेव्हा वर्गातली घानाची एक मैत्रीण आणि मी ठरवलं की समुद्र बघून यायचा. ती अक्राची, म्हणजे समुद्रकाठचीच. मी सांगलीची. मला समुद्राचं अप्रूप, तिला समुद्राची आठवण.

बेत असा होता : शनिवारी ब्रायटन, संध्याकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गाडीने पोर्ट्समथ, तिथे मुक्काम आणि रविवारी रात्री लंडनला परत. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल एवढंच.

लंडनहून ब्रायटनला पोचायला साधारण तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता सरळ उताराने समुद्राकडे जातो, चुकायची सोयच नाही. किनारा बघून मात्र मी थबकले. वाळू नाही! नुसते गोटे, बटाट्याएवढे, कांद्याएवढे. त्यावरून चालताना घोट्यांचा व्यायाम होतो. लाट मागे जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली जातात, तो आवाज मला अजून आठवतो. उजवीकडे 2003 मध्ये जळालेल्या जुन्या धक्क्याचा लोखंडी सांगाडा पाण्यात उभा होता, डावीकडे दुसऱ्या धक्क्यावर पाळणे आणि तळलेल्या माशांचा वास. मैत्रिणीने बटाट्याचे चिप्स घेतले. त्यातले निम्मे समुद्रपक्ष्यांनी पळवले.

हे गाव एका डॉक्टरमुळे मोठं झालं हे मला तिथे जाण्याआधी माहीत नव्हतं. रिचर्ड रसेल त्यांचं नाव. त्यांनी 1750 मध्ये लॅटिन भाषेत एक प्रबंध लिहिला. गंडमाळा, म्हणजे मानेतल्या वगैरे गाठी सुजण्याच्या आजारावर समुद्राचं पाणी गुणकारी आहे, असं त्यांचं म्हणणं. नुसतं पोहायचं नाही, प्यायचंसुद्धा! मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एक पाईंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. लवकरच पुस्तक इंग्रजीत आलं आणि गाजलं. 1753 मध्ये डॉक्टरांनी ब्रायटनला समुद्रासमोरच घर बांधलं. श्रीमंत पेशंट त्यांच्यामागे आले, मग खुद्द राजपुत्र आला, आणि कोळ्यांच्या एका गावाचं शहर झालं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला बहुतेक भाग आपलं साधं मीठ. म्हणजे एका पाईंटात 15 ग्रॅमहून जास्त मीठ पोटात जाणार. आज जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एवढं मीठ एकदम पोटात गेल्यावर जे होतं तेच त्या पेशंटांना होत असे : जुलाब. आणि जुलाब झाले की "शरीर साफ होतंय" असं डॉक्टर म्हणत आणि पेशंटही म्हणत. ही समजूत अडीचशे वर्षांनंतर आपल्याकडेही ठणठणीत आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या राजपुत्रासाठी बांधलेला रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा गावाच्या मधोमध आहे. बाहेरून घुमट आणि मिनार, जणू कोणी लखनौ नुसतं ऐकून बांधलं असावं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी 1914 च्या अखेरीस या वाड्याचं इस्पितळ केलं होतं. सोन्याच्या मुलाम्याच्या छताखाली रांगेने खाटा मांडल्याचे फोटो तिथे लावले आहेत. वेगवेगळ्या जातीधर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमान शिपायांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते. जे हिंदू आणि शीख शिपाई ब्रायटनच्या इस्पितळांमध्ये वारले, त्यांच्यातल्या 53 जणांचं दहन शहराबाहेरच्या टेकड्यांवर झालं. तिथे आज संगमरवरी छत्री आहे. आम्हाला तिथवर जायला वेळ नव्हता. पण त्या फोटोंपुढे मी बराच वेळ उभी राहिले. घरापासून एवढ्या लांब आजारी पडणं म्हणजे काय, ते परदेशात पहिला ताप काढलेल्या कोणालाही कळेल.

आता माझ्या मुख्य माणसाकडे येते. समुद्रासमोर आज जिथे क्वीन्स हॉटेल आहे, तिथे पूर्वी 'महोमेत बाथ्स' म्हणून नावाजलेलं स्नानगृह होतं. चालवणारे साके दीन महोमेत, 1759 मध्ये पाटण्यात जन्मलेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर वाढले, 1784 मध्ये आयर्लंडला आले, 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं. ते चाललं नाही, म्हणून ब्रायटनला आले. तिथे त्यांनी औषधी वाफ आणि त्यानंतर अंगमर्दन असा उपचार सुरू केला. त्याला ते 'शॅम्पूइंग' म्हणत. शॅम्पू हा शब्द आपल्या 'चंपी'चाच भाऊबंद आहे, तेव्हा त्याचा केसांशी संबंध नव्हता, मालिशीशी होता. संधिवात, लकवा, अंग धरणं, सगळ्यांवर हा उपचार. दोन राजांनी त्यांना आपल्याकडे नेमलं. पाटण्याच्या माणसाने तिथल्या राजाचं अंग रगडून नाव कमावलं, हे वाचून मला फार मजा वाटली.

त्या स्नानगृहात बऱ्या झालेल्या पेशंटांनी मागे ठेवलेल्या कुबड्या आणि काठ्या मांडून ठेवलेल्या असत. येणाऱ्याने त्या बघाव्यात आणि निश्चिंत मनाने आत जावं. आभाराच्या पत्रांचं तर त्यांनी पुस्तकच काढलं.

"कशाच्या तुलनेत?" मैत्रीण आमच्या शिक्षकांच्या आवाजात म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पण त्या कुबड्या डोक्यातून जाईनात. ज्याला बरं वाटलं तो कुबडी तिथे ठेवून गेला. ज्याला बरं वाटलं नाही त्याने काय केलं? तो आपली कुबडी घेऊन घरी गेला! त्याची कुबडी मांडणीत कुठून येणार? म्हणजे उपचाराने शंभरात पाच जणांना बरं वाटो की नव्वद जणांना, मांडणी काही वर्षांत भरणारच.

दुसरी गोष्ट संधिवाताच्या पेशंटांना चांगली ठाऊक असते. हे दुखणं चढउताराचं आहे. माणूस ब्रायटनचा प्रवास कधी करणार? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकावरून ते पुढच्या काही आठवड्यांत थोडंफार खाली येणारच होतं, मालिश करा किंवा करू नका. वर सुट्टी, विश्रांती, गरम वाफ, कोणीतरी आपुलकीने अंग चोळतंय. वाफेने आणि मालिशीने दुखऱ्या सांध्यांना, आखडलेल्या स्नायूंना आराम मिळतो, हे मीही पेशंटांना सांगते. महोमेत लबाड होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या कुबड्यांवरून त्यांना स्वतःलाही खरं काय ते कळलं नसतं.

आणि गंमत बघा, याच माणसाचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेत. 1849 मध्ये ब्रायटनला जन्मला आणि लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. विद्यार्थी असतानाच त्याने मनगटावरची नाडी कागदावर रेखाटणाऱ्या यंत्रात सुधारणा केली, म्हणजे नाडीतला दाब मोजता येऊ लागला. आपण दंडाला गुंडाळतो तो पट्टा तेव्हा नव्हता. तो 1896 मध्ये इटलीत आला, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची पद्धत 1905 मध्ये रशियात. अकबर महोमेतने त्याच्या आधीच, रोज दिसणाऱ्या माणसांच्या नाड्या रेखाटून दाखवून दिलं की मूत्रपिंडाचा आजार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो. धडधाकट दिसणारी, हिंडतीफिरती माणसं वाढलेला दाब घेऊन वर्षानुवर्षं जगत असतात, आणि पुढे कधीतरी हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांवर त्याचा घाव पडतो. 1884 मध्ये विषमज्वराने तो गेला, अवघ्या 35 व्या वर्षी. आजोबांच्या पेशंटांना काय वाटलं ते पत्रांत लिहिलेलं आहे. नातवाने ज्यांना काहीच वाटत नव्हतं त्यांचं मोजमाप घेतलं. वैद्यकाच्या इतिहासात हा नातू मला आजोबांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

संध्याकाळी पोर्ट्समथची गाडी धरली. होव्ह, शोरहॅम, वर्दिंग, चिचेस्टर. बाहेर अंधार पडत होता आणि आम्ही दोघी पेंगत होतो. साउथसी भागात स्वस्त खोली घेतली होती, तिचा हीटर रात्रभर खडखडत होता.

रविवारी सकाळी आठला फोन वाजला. सांगलीत तेव्हा दुपारचे साडेबारा. आत्या. माझी ही आत्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तेव्हा 64 वर्षांची. सहा वर्षांपासून ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, एक आनंदाची बातमी आहे. गोळ्या बंद केल्या मी. तीन आठवडे झाले."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"सांगायला कशाला हवं? एक पावडर सुरू केलीय, तीन महिन्यांचा कोर्स. पुस्तिका दिलीय त्यांनी, साठ जणांचे फोटो आहेत नावागावासकट. तू म्हणशील सगळं खोटं. पण यातल्या एक बाई आपल्या विश्रामबागच्याच आहेत, मी बोलले त्यांच्याशी. आणि मला स्वतःला इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू! पायाची सूज गेली. झोप छान लागते."

तुम्हाला खरं सांगते, हजारो किलोमीटरवरून असा फोन आला की डॉक्टरचा आधी जीव घाबरा होतो. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, 66 व्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते आणि चार वर्षं तसेच होते. त्यांचं सगळं आत्यानेच केलं होतं. हे मी तिला आठवण करून दिलं नाही. तिला ते आठवत नसेल असं थोडंच आहे? मी एवढंच म्हणाले, "आत्या, माझ्यासाठी एक कर. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन प्रेशर मोजून ये. पावडर चालू ठेव, मी काही म्हणत नाही. फक्त आकडा आण."

"रविवारी कुठले डॉक्टर?"

"आपले डॉक्टर घरीच असतात ना वर. जा तू."

दिवसभर पोर्ट्समथ बघितलं खरं. नेल्सनचं व्हिक्टरी जहाज पाहिलं. मेरी रोझ हे 1545 मध्ये इथल्याच पाण्यात बुडालेलं आणि 1982 मध्ये वर काढलेलं जहाज पाहिलं, त्याचं नवं संग्रहालय त्याच वर्षी उघडलं होतं. त्या जहाजावरच्या शल्यवैद्याची पेटी तिथे आहे, मलमांच्या बरण्या आणि पिचकाऱ्या यांच्यासकट. पण माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी बंदरातून छोट्या बोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडच्या गॉस्पोर्टला गेलो, कारण मला हासलार बघायचं होतं. हासलार हे आरमाराचं जुनं प्रचंड मोठं इस्पितळ. अठराव्या शतकात बांधलं, 2009 मध्ये बंद झालं. आत जाता आलं नाही. लांबच लांब विटांच्या भिंतीच्या कडेने चालत राहिलो. जबरदस्तीने भरती केलेले खलाशी बरे होताच पळून जात, त्यामुळे इस्पितळावर पहारा असे म्हणतात.

या इस्पितळाचे प्रमुख वैद्य 1758 पासून जेम्स लिंड होते. त्यांची गोष्ट आम्हाला वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवली होती, पण त्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर ती नव्याने समजली.

तेव्हा खलाशांचा मोठा शत्रू म्हणजे स्कर्व्ही. हिरड्या सुजून काळ्या पडतात, रक्त येतं, दात हलतात, अंगावर डाग उठतात, भरलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस मरतो. 1740 मध्ये याच पोर्ट्समथजवळून अ‍ॅन्सन नावाच्या सेनानीचं आरमार जगप्रदक्षिणेला निघालं. जवळजवळ दोन हजार माणसांतली बहुतेक परत आली नाहीत. लढाईत फार थोडी गेली, बाकी रोगांनी आणि उपासमारीने, त्यातही मुख्यतः स्कर्व्हीने. यावर प्रत्येकाकडे आपापला उपाय होता आणि प्रत्येक उपायाला साक्षीदारही होते.

1747 च्या मे महिन्यात लिंड 'सॅलिसबरी' जहाजावर शल्यवैद्य होते. त्यांनी स्कर्व्हीचे बारा खलाशी निवडले, आजाराची अवस्था शक्य तितकी सारखी बघून. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, एकीला गंधकाम्लाचे थेंब, एकीला व्हिनेगर, एकीला लसूण-मोहरी वगैरेंची गोळी, एकीला दोन संत्री आणि एक लिंबू. आणि एका जोडीला, होय, अर्धा पाईंट समुद्राचं पाणी!

सहा दिवसांत फळं संपली. पण तेवढ्यात संत्री-लिंबू मिळालेल्या दोघांपैकी एक कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसरा इतका सुधारला की त्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेला लावलं. दारूवाल्यांना किंचित बरं. समुद्राचं पाणी प्यायलेले दोघे होते तिथेच राहिले.

लिंड यांचा ग्रंथ छापला गेला 1753 मध्ये. त्याच वर्षी तिकडे ब्रायटनला डॉक्टर रसेल समुद्रासमोर घर बांधत होते. एकाच्या पाण्याने शहर उभं राहिलं. दुसऱ्याची फळं जाडजूड ग्रंथाच्या मधल्या काही पानांत पडून राहिली. आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला सुरुवात केली 1795 मध्ये, 42 वर्षांनी. लिंड त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. यात थोडा दोष त्यांचाही आहे. आपल्याच प्रयोगाचा अर्थ त्यांना पुरता उमगला नव्हता. दमट हवा, बंद झालेला घाम अशी कारणं ते मानत राहिले, आणि फळांचा रस आटवून टिकवण्याची जी कृती त्यांनी सुचवली त्यात उष्णतेने आणि साठवणीने क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होत असे. आजच्या मानाने बारा माणसं म्हणजे काहीच नाहीत. तरी प्रश्न बरोबर होता : याच्या तुलनेत त्याचं काय झालं?

तीन वाजता मी गॉस्पोर्टच्या धक्क्यावर बाकावर बसून फोन लावला. सांगलीत साडेसात.

"172 वर 100," आत्या म्हणाली. आवाज पडला होता. "पण जिना चढून गेले होते गं मी."

"असेल. डॉक्टर काय म्हणाले?"

"उद्यापासून गोळ्या घ्या म्हणाले. मी म्हटलं, पण मला त्रास काहीच नाही."

मग मी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं. नऊ स्वयंपाकघरं ऐकून ती हसली. कुबड्यांचं सांगितल्यावर गप्प झाली. आणि बारा खलाशांचं सांगितल्यावर तिच्यातली मास्तरीण जागी झाली. जोड्या कशा पाडल्या, जेवण सगळ्यांना एकच का, फळं संपली नसती तर काय, सगळं विचारून घेतलं.

शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या पुस्तिकेत साठ फोटो आहेत, पण कोर्स किती जणांनी घेतला ते लिहिलेलं नाही. छेद आहेच कुठे? नुसता अंश छापलाय."

इतकं नेमकं मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

"मग मी माझीच परीक्षा घेते," ती म्हणाली. "पावडर घेते आणि मोजते." डॉक्टरांनी ईसीजी काढून तिला चार दिवस दिले, त्याहून एकही जास्त नाही. त्रास झाला तर लगेच यायचं, या अटीवर. शेजारच्या काकांचं मशीन आणलं. तिने शाळेची वही आखली : तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, शेरा. मोजायचं कसं ते मी फोनवर सांगितलं होतं, तेच तुम्हालाही सांगते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. बोलायचं नाही, टीव्ही बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. एरवी हे सात दिवस करून पहिला दिवस सोडून सरासरी काढतात. घरच्या मोजणीची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर आली तर दाब वाढलेला समजतात. 180/120 च्या वर आकडा असून छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, नीट न दिसणं यांतलं काही असेल तर वही बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल.

चार दिवसांची सरासरी आली 168/98. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता : 'बरं'. बरं वाटतंय, 170. झोप छान, 166. अकबर महोमेतने नाडीच्या रेघांत जे दाखवलं होतं ते आत्याच्या वहीत निळ्या शाईने उतरलं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीही नसती. कारण आत्याने गोळ्या सोडल्या त्या नुसत्या पुस्तिकेमुळे नाही. तिच्या पायांना सूज येत होती. ती अम्लोडिपिन या गोळीची सूज होती, ही गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना घोट्यांवर सूज येते. संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या, तिला वाटायचं किडनी गेली. तिने दोनदा दवाखान्यात सांगायचा प्रयत्न केला होता, पण बाहेर रांग होती आणि आत दोन मिनिटं. पावडर विकणाऱ्या बाईंनी मात्र तिचं तासभर ऐकून घेतलं होतं. गोळी बंद झाली म्हणून सूज उतरली, आणि श्रेय मिळालं पावडरीला. वहीत सूज कधी उतरली तेही तिने लिहून काढलं, तेव्हा तिचं तिलाच दिसलं : गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात, आणि पावडरीची पहिली पुडी तर त्यानंतर चार दिवसांनी घेतली होती.

डॉक्टरांनी ती वही नीट वाचली आणि गोळीच बदलून दिली. रक्त तपासलं, किडनी ठीक होती. म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते : गोळीचा त्रास होत असेल तर गोळी सोडू नका, त्रास सांगा. ब्लड प्रेशरसाठी वेगवेगळ्या गटांची बरीच औषधं आहेत, एक सोसली नाही तर दुसरं देता येतं. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळून पूर्वीपेक्षा वर जातो, म्हणून कमी किंवा बंद करायच्या तरी डॉक्टरांना विचारूनच. आणि डॉक्टरकडे वेळ नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. लिहिलेलं वाचावंच लागतं.

नव्या गोळीवर दोन महिन्यांत सरासरी 132/80 आली. मीठ तिने कमी केलं, म्हणजे तिच्या म्हणण्यानुसार केलं. सांगलीच्या माणसाचं लोणचं-पापड सुटणं अवघड आहे, तो आकडा तिने वहीत कधीच लिहिला नाही. पावडरीचे दोन डबे बरेच दिवस फडताळात होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा आत्याने ती वही दाखवली. एव्हाना तिच्यात आणखी तीन नावं शिरली होती. शेजारचे काका, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आणि विश्रामबागच्या त्याच पुस्तिकेतल्या बाई. आत्याने त्यांना घरी बोलावून, चहा न देता, आधी पाच मिनिटं गप्प बसवून मोजलं होतं. 158 वर 94. चहा नंतर दिला, असं शेऱ्यात लिहिलं होतं.